रेघेवर उभं राहिलेलं पिल्लू

तुझ्या तेराव्यानंतरचा दुसरा रविवार. सकाळी साडेदहा. रक्कम दोन हजार एकशे पन्नास रुपये, पन्नासच्या त्रेचाळीस नोटा. जागा तुझी प्रयोगशाळा, कॉलेजच्या मागच्या इमारतीत तळमजल्यावर. हजर चौघं: मी, तुझी विद्यार्थिनी तृप्ती, कोंबडीच्या पिल्लांची खोली सांभाळणारे खंडूकाका आणि त्यांची पुतणी वैशाली. तुझा दादा आला नाही. माझ्या ओंकारपाशी कोणीतरी थांबायला हवं होतं हे खरं, पण तसं नसतं तरी तो आला असता असं मला वाटत नाही.

मीनल, हे पैसे तुझेच. पिल्लांची चित्रफीत बघून आकडे लिहायचे, एका रविवारचे पन्नास रुपये, आणि छापील पावतीवर माझी सही. पहिल्या रविवारी मी हसले होते.

"अगं, नणंद-भावजयीत पावती?"

"घरातली आहेस म्हणूनच पावती," तू म्हणालीस. "फुकट मोजणारा उपकार करतो वहिनी. आणि उपकार करताना माणसाचा हात सैल सुटतो."

"माझा सुटेल?"

"तुझा? तू दूधवाल्याला सात रुपयांसाठी महिनाभर छळलंस."

सात नव्हते, साडेसात होते. मी सोसायटीची खजिनदार आहे, बारा वर्षं झाली, एकाही वर्षी हिशोब चुकला नाही. तुला माझ्यातलं एवढंच हवं होतं. पाकिटातली एकही नोट मी खर्च केली नाही. त्याचं कारण आता सांगते, कारण तू असताना सांगितलं नाही.

तुझं काम मला समजलं ते आमच्या स्वयंपाकघरात. तू ओझरकडच्या हॅचरीतून आणलेलं एक अंडं पिशवीतून काढलंस, खिडकीचा पडदा ओढलास आणि मोबाइलचा दिवा अंड्याखाली धरलास. अंडं आतून शेंदरी झालं. आत काहीतरी काळसर हललं. ओंकार त्याच्या खोलीतून आला आणि मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिला. तो सगळंच तसं बघतो. तू म्हणालीस की अंड्यात पिल्लू असं वळून बसतं की त्याचा उजवा डोळा कवचाकडे येतो आणि डावा अंगाखाली दबतो. शेवटच्या तीन दिवसांत कवचातून उजेड जातो तो उजव्या डोळ्याला. तिथून मेंदूच्या दोन अर्ध्यांची कामं वेगळी व्हायला लागतात. बाहेर आल्यावर पिल्लू उजव्या डोळ्याने खड्यातून दाणा निवडतं, आणि डाव्या डोळ्याने आपलं कोण, परकं कोण, ते ओळखतं.

"म्हणजे नातेवाईक डाव्या डोळ्याने," तुझा दादा म्हणाला. "मी दोन्ही डोळे मिटून ओळखतो, पैसे मागायला येतात ते."

तू हसलीस. मग त्याच आवाजात पुढचं सांगितलंस. काही अंड्यांमध्ये तू एक औषध टोचणार होतीस. गरोदरपणी पोटात गेलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीला धोका करू शकतं, असं ज्याच्याबद्दल डॉक्टरांना आता माहीत आहे, ते औषध. अशा पिल्लांमध्ये डाव्या-उजव्याची ही वाटणी होते की नाही, आणि नाही झाली तर ती सोबत्यांकडे जातात की नाही, हे तुला बघायचं होतं. औषधाचं नाव तू घेतलंस तेव्हा माझ्याकडे बघितलं नाहीस.

ते फिटचं औषध. मला कॉलेजपासून फिट यायच्या. ओंकारच्या वेळी पहिल्या दिवसापासून नवव्या महिन्यापर्यंत मी त्याच गोळ्या घेत होते, दिवसाला दोन. ओंकार आता एकवीस वर्षांचा आहे आणि स्वमग्न आहे.

आपला वाद याच्यावरच. वाद कसला, मी एक प्रश्न विचारायचे आणि तू उत्तर द्यायची नाहीस.

"गोळ्यांनी झालं का? हो की नाही?"

"एका मुलाबद्दल तसं सांगता येत नाही, वहिनी."

"मग कितीमध्ये सांगता येतं? शंभरात?"

"शंभरात सांगितलं तरी तुझा एकच आहे. तो त्या शंभरात कुठे बसतो ते कोणालाच माहीत नाही. आणि गोळ्या बंद करून फिट आली असती, जिन्यात पडली असतीस, तर? तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितलं ते तू केलंस."

"मला धीर नको. आकडा दे."

"नाहीये माझ्याकडे."

दिवाळीत, राखीला, तुझ्या घराला रंग लावायला घेतला तेव्हा, पोळ्या लाटताना. एकवीस वर्षांत हा प्रश्न किती वेळा विचारला असेल. तू एकदाही खोटं बोलली नाहीस, आणि त्याचा मला राग होता. तुझ्या जागी दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, "नाही गं, गोळ्यांचं काही नाही त्यात," आणि मी तिच्या गळ्यात पडून रडले असते. तू पोळी उलटायचीस.

मोजायला मलाच का बोलावलंस, हे मी तेरा दिवस स्वतःला विचारत होते. पाहुणे यायचे, सतरंज्या घातल्या जायच्या, उचलल्या जायच्या, आणि माझ्या डोक्यात तेवढंच. तुला धोका दिसला नव्हता असं नाही. तू विचारलं होतंस, "तुला जड नाही ना जाणार?" मी म्हणाले, "मला कुठे कळणार आहे कुठलं पिल्लू कुठलं. फितीवर नुसता नंबर." ते खरं होतं. कुठल्या अंड्यात औषध आणि कुठल्यात नुसतं खारं पाणी, ती यादी तुझ्या कुलूपबंद कपाटात. मोजणाऱ्याला ती माहीत नसते, म्हणूनच मोजणीला अर्थ असतो. हे तूच मला शिकवलंस.

पहिले काही रविवार किती चांगले गेले. तू चहा करायचीस, मी पडद्यासमोर बसायचे. लांबट प्लायवूडची पेटी, तळाला दोन काळ्या रेघा, पेटीचे तीन भाग. एका टोकाला जाळीमागे पिल्लाचे सोबती, दुसऱ्या टोकाला परकी पिल्लं. मध्ये ते. एका डोळ्यावर कागदी टेपची गोल पट्टी, करवंदाएवढी. त्या पट्ट्या मी घरून कापून आणायचे, एका वेळी साठ. खंडूकाका एक एक पट्टी लावायचे आणि पुटपुटायचे.

"आमच्या सायखेड्यात सांगितलं तर लोक म्हणतील, खंडू येडा झाला. कोंबडीच्या डोळ्याचं आपरेशन करतोय."

"काका, आपरेशन नाही, पट्टी."

"पट्टी तर पट्टी. पण पगार हाय ना त्याचा, बास." मग माझ्याकडे वळून, "वहिनीसाहेब, तुम्ही पिलं मोजता का त्यांचे पाय मोजता? लय जवळ जाऊन बघता."

पायच मोजत होते. तुझा नियम होता की दोन्ही पाय रेघेपलीकडे गेले तरच पिल्लू सोबत्यांकडे गेलं असं धरायचं. रेघेवर उभं असेल तर मधल्या भागात. किती सेकंद कुठे, तेवढं लिहायचं. शंका आली तर फीत मागे घ्यायची. तिसऱ्यांदाही शंका राहिली तर मधल्या भागात. नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला होता.

एका रविवारी तू ओंकारला घेऊन यायला सांगितलंस. त्या दिवशीची पिल्लं प्रयोगाची नव्हती, जास्तीची होती. तू एक त्याच्या तळहातावर ठेवलंस. ओंकारने ते कानाला लावलं, फोनसारखं. पिल्लू चिवचिवत होतं आणि तो हलला नाही, अकरा मिनिटं. मी घड्याळ बघितलं होतं. एवढा वेळ तो माझ्याही जवळ थांबत नाही. निघताना तू मला म्हणालीस, "यातून काही काढू नकोस हं." मी काढलं नाही. पण ती अकरा मिनिटं तू दिलीस, आणि त्याबद्दल मी तुला काहीच म्हणाले नाही. स्कूटर सुरू केली आणि निघाले.

आता सातवा रविवार.

पिल्लू क्रमांक एकतीस. उजव्या डोळ्यावर पट्टी, डावा उघडा. म्हणजे त्याने सोबत्यांना ओळखायला हवं. ते मधून निघालं, रेघेपर्यंत आलं आणि थांबलं. जाळीमागे चारही सोबती ओरडत होते. ते त्यांच्याकडे बघेना. मान वाकडी करून पेटीच्या कोपऱ्याकडे बघत राहिलं, जिथे काहीच नव्हतं. एक पाय रेघेपलीकडे, एक अलीकडे.

मला कोणी सांगितलं नव्हतं. मला ओळखू आलं.

मी फीत मागे घेतली. दुसऱ्यांदा बघितली. तिसऱ्यांदा. नियमाप्रमाणे ते मधल्या भागात. मी लिहिलं, सोबत्यांकडे. मनात म्हणाले, जाईल ते, थोडा वेळ मिळाला असता तर गेलं असतं. हेच वाक्य मी बालवाडीत म्हटलं होतं, पहिलीत म्हटलं, विशेष मुलांच्या शाळेतही म्हटलं. थोडा वेळ द्या बाई, येईल तो.

ही झाली माझी चांगली बाजू. दुसरी अशी की मला फरक निघायला नको होता. औषधाची पिल्लं आणि खाऱ्या पाण्याची पिल्लं सारखीच निघाली असती तर एकवीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी, कोंबडीच्या पिल्लाने का होईना, मला सांगितलं असतं की तुझ्या हातून काही झालं नाही. पिल्लावर दया आली म्हणून लिहिलं की स्वतःवर, हे वेगळं करायचा मी प्रयत्न केला. होत नाही. दोन्ही एकाच पेन्सिलीने लिहिलं.

पहिल्या सहा रविवारांचे कागद स्वच्छ आहेत. पुढचे सदतीस नाहीत. मान वाकडी करणारं पिल्लू दिसलं की ते रेघेवर थांबेल तितक्या वेळा मी त्याला पाच सेकंद, दहा सेकंद, कधी वीस सेकंद द्यायचे. एकूण किती ठिकाणी दिले ते मला माहीत नाही. आयुष्यात हा एक आकडा मी लिहून ठेवला नाही.

त्या पिल्लांचं पुढे काय होतं ते तू लपवलं नव्हतंस. मेंदूचे दोन अर्धे तपासायचे तर पिल्लू मारावंच लागतं. त्या दिवशी तू घरी जेवायची नाहीस. एकदा म्हणालीस, "त्यांच्याकडून एवढं घेतोय, निदान नीट मोजू तरी." मी भात वाढत होते. वाढत राहिले.

यादी उघडली त्या संध्याकाळी तुझा फोन आला. आवाज सपाट होता. "काही नाही गं. फरकच नाही. डावा, उजवा, औषध, पाणी, सगळं सारखं." मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मला आनंद झाला, मीनल. नंतर भीती वाटली, नंतर लाज, पण पहिल्यांदा आनंदच झाला, आणि ते तुला सांगितल्याशिवाय हा कागद खरा होणार नाही. त्या रात्री मी शिरा केला. तुझा दादा म्हणाला, आज काय विशेष?

नंतर तू पिल्लांचं काम बंद केलंस. पुढचे पैसे मंजूर झाले नाहीत. तू पुन्हा वर्गावर शिकवायला लागलीस, तास घेऊन घरी यायचीस. कधी कधी म्हणायचीस, "माझा अंदाजच चुकला," आणि मी म्हणायचे, "जाऊ दे ना, शिकवणंही चांगलंच की." मग तू आजारी पडलीस, आणि सगळं फार भरभर झालं.

दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, तू डोळे मिटून होतीस. मला वाटलं झोपलीस. तू म्हणालीस, "वहिनी, आपलं काही निघालं नाही गं."

आपलं म्हणालीस.

मी तुझा हात दाबला. बोलायला चार दिवस होते. रोज सकाळी डबा घेऊन यायचे तेव्हा जिन्यात वाक्य जुळवायचे, आणि खोलीत आल्यावर तुला मोसंबी सोलून द्यायचे. चौथ्या दिवशी तुला ऐकू येत होतं की नाही ते डॉक्टरांनाही सांगता येईना. तेव्हाही मी बोलले नाही. ऐकू येत असलं तर, या भीतीने.

तेराव्यानंतर मी तुझ्या दादाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला.

"आता कशाला? ती गेली."

"तृप्ती आहे ना. तिने याच आकड्यांवर प्रबंध लिहिलाय."

"मग लिहू दे. कोण तपासणार आहे?"

"कोणीच नाही. म्हणून तर."

तो उठला, खिडकीपाशी गेला. "आणि पुन्हा मोजून फरक निघाला तर? तेव्हा काय करशील तू? घरात मला दोघांना सांभाळावं लागेल."

मी तृप्तीला फोन लावला.

तृप्तीला मी तुझ्या टेबलापाशी बसवून सांगितलं. नांदगावची पोर, आई-बाप शेतात, घरातली पहिली पदवीधर. आधी तिला वाटलं मी दुःखात काहीतरी बोलतेय. मग मी एकतीस नंबरचा कागद काढून फीत लावली आणि रेघेवर बोट ठेवलं. ती माझ्याकडे बघेना.

"दोन वर्षं, काकू," ती म्हणाली. "माझी दोन वर्षं आहेत त्यात."

"हो."

"मॅडमना माहीत होतं?"

"नाही."

मग तिने फाइल पुढे ओढली. प्रत्येक कागदावर दोन रकाने, मोजणी पहिली आणि मोजणी दुसरी. काही कागद दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजायचे, दोघांचं जुळतं का बघायचं, ही तुझी सगळ्यांसाठी पद्धत. माझ्या त्रेचाळीसही रविवारांच्या कागदांवर दुसरा रकाना कोरा होता.

"मी विचारलं होतं मॅडमना," तृप्ती म्हणाली. "तर मलाच बोलल्या. म्हणे, वहिनीच्या मागे तपासनीस बसवू? तिचा आकडा म्हणजे आकडा."

इतक्या वर्षांत तू कामात एकच नियम मोडलास, मीनल, आणि तो माझ्यासाठी.

तर कालचा रविवार. पुन्हा मोजायला असा माणूस हवा होता ज्याला यातलं काही माहीत नाही. तृप्तीला यादी पाठ आहे, खंडूकाकांनी पिल्लं हातांनी हाताळलीत. वैशाली बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, काकांनी तिला एवढंच सांगितलं होतं की बसून बघायचं आणि सेकंद लिहायचे. तिने नियमाचा कागद दोनदा वाचला.

"रेघेवर एक पाय असला तर?"

"मधल्या भागात," तृप्ती म्हणाली.

"पण ते जाणारच असलं तर?"

मी म्हणाले, "तरी मधल्या भागात."

तिने काम सुरू केलं. मी मागच्या खुर्चीवर, पडदा दिसणार नाही अशी. खंडूकाका दारात उभे होते. त्यांना तृप्तीने सांगितलं असावं, कारण या वेळी त्यांनी मला वहिनीसाहेब म्हटलं नाही. पिल्लांच्या खोलीत आता पिल्लं नाहीत, पेटी भिंतीला उभी करून ठेवली आहे. वर तुझा पांढरा कोट अजून तिथेच.

दीड वाजता वैशालीने पहिला गठ्ठा संपवला. तृप्तीने तिचे कागद आणि माझे कागद शेजारी शेजारी ठेवले. तिने गठ्ठा मुद्दाम निवडला होता. एकतीस नंबर त्यात होता. डावा डोळा उघडा. सोबत्यांच्या भागात माझे एकशे चार सेकंद. वैशालीचे एकोणीस.

त्याखाली नंबर तेहतीस, छत्तीस, चाळीस, सगळीकडे तसाच फरक. मी चष्मा काढला.

"अजून पूर्ण व्हायचंय," तृप्ती म्हणाली. "आत्ताच काही म्हणता येत नाही." तुझंच वाक्य. ती तुझ्याच हाताखाली शिकली.

पूर्ण झाल्यावर काय निघेल ते मला माहीत आहे, आणि तुझा अंदाज बरोबर होता हेही. ते ऐकायला तू नाहीस. त्यातून ओंकारबद्दल हो किंवा नाही तरीही निघणार नाही, तेही तू सांगून ठेवलंस. मी तुझं काम बुडवलं ते अशा उत्तरासाठी, जे त्या पेटीत कधी नव्हतंच. तृप्तीचा प्रबंध आता वर्षभर मागे पडेल, तिचे वडील विचारतील का, आणि ती माझं नाव घेणार नाही, कारण मी मॅडमची वहिनी.

निघताना मी पाकीट टेबलावर ठेवलं. तृप्ती म्हणाली, हे कशाला. मी म्हणाले, मोजणारा फुकट नको, मॅडमचा नियम आहे. पावतीपुस्तक तुझ्या खणात होतं, माझ्या शेवटच्या सहीनंतरचं पान कोरं.

वैशालीला एका रविवारचे पन्नास रुपये दिले, सही घेतली. उरलेले दोन हजार शंभर तृप्तीकडे, पुढच्या बेचाळीस रविवारांचे.